पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले नाही

नव्याने जोडलेल्या पीसीला डिस्प्ले आला नाही की माणूस आधी पार्टवर संशय घेतो. मदरबोर्ड गेला, प्रोसेसर डेड आला, ऑनलाइनवाल्याने फसवलं. क्वचित तसं असतंही. पण गोव्यात साखळी गावातल्या माझ्या दुकानात ‘डेड’ म्हणून आलेल्या नव्या पीसींपैकी बरेचसे एकही पार्ट न बदलता चालू होऊन परत जातात. काहीतरी अर्धवट बसलेलं असतं, काहीतरी लावायचं राहिलेलं असतं, नाहीतर दोन पार्टांचं आपसात जमत नसतं. तेव्हा दुसरी रॅम मागवण्याआधी एक संध्याकाळ मोकळी काढा, चांगला टॉर्च आणि लांब दांड्याचा स्टार स्क्रूड्रायव्हर जवळ घ्या, आणि खाली सांगते त्या क्रमाने जा. क्रम महत्त्वाचा. दहा गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

माझं गिऱ्हाईक ठरलेलं. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं, डिचोली-वाळपईकडचे गेमिंगवाले, अधूनमधून एखादा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा. पार्ट मुंबईहून किंवा बंगळुरूहून कुरिअरने आलेले, जोडणी घरच्या घरी व्हिडिओ बघून. येताच वाक्य ठरलेलं: ‘ताई, सगळें चालू जाता, पूण डिस्प्ले येना.’ त्यावर माझा प्रश्नही ठरलेला: कॅप्स लॉक दाबून बघितलंस?

मशीन चालू करा, मिनिटभर थांबा, कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं झालेलं आहे, फक्त चित्र तुमच्यापर्यंत पोचत नाही. मग रॅम, प्रोसेसर उचकटण्यात अर्थ नाही. केबल, पोर्ट, मॉनिटर, ग्राफिक कार्ड एवढंच बघायचं. दिवा ढिम्म असेल तर मशीन सुरुवातीची स्वतःची तपासणी, जिला पोस्ट म्हणतात, तीच पार करत नाहीये. मग पॉवर, रॅम, बायोस (मशीन चालू करणारं, बोर्डमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर), प्रोसेसर या वाटेने जावं लागतं. कीबोर्ड मात्र साधा वायरचा घ्या आणि मागच्या यूएसबीला लावा. वायरलेसवर ही परीक्षा भरवशाची नाही.

आधी मॉनिटरकडचं उरकून घ्या

मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलीय की ग्राफिक कार्डच्या? वेगळं कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला उभी पोर्टं असतात ती मदरबोर्डची, खाली आडव्या पट्टीत असतात ती कार्डाची. हसू नका, डिस्प्ले न येण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच.

उलट बाजूही आहे. कार्ड अजून घ्यायचं आहे, तोवर मदरबोर्डवर चालवू, असं म्हणणाऱ्यांनी प्रोसेसरचं नाव नीट वाचावं. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाहीच. एएमडीच्या रायझन ५ ५६०० आणि ५६००एक्समध्ये नाही, ५६००जीमध्ये आहे. रायझन ५ ७६००मध्ये आहे, ७५००एफमध्ये नाही. ज्यात नाही त्याला मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून जन्मात चित्र येणार नाही, आणि त्यात कोणाचाही दोष नाही.

मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट हाताने निवडा, ऑटोवर विसंबू नका. नव्या कार्डाच्या पोर्टांवर प्लास्टिकची टोपणं असतात ती काढलीत का बघा. घरचा जुना व्हीजीए मॉनिटर वापरत असाल तर नुसती एचडीएमआय ते व्हीजीए अशी दोन टोकांची वायर चालत नाही. आजची कार्डं ॲनालॉग सिग्नल देतच नाहीत, मध्ये सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो. शक्य असेल तर हॉलमधला टीव्ही एचडीएमआयने लावून बघा, मॉनिटरचा संशय लगेच मिटतो.

पॉवर: दोन वायरी, एक नव्हे

मदरबोर्डला एसएमपीएसमधून, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज देणाऱ्या डब्यातून, दोन वेगळी कनेक्शनं लागतात. एक २४ पिनचं रुंद, उजव्या कडेला. ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. दुसरं प्रोसेसरचं, बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, ४ किंवा ८ पिनचं. ते राहून जातं, कारण कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवल्यावर तो कोपरा कूलर आणि वरच्या पंख्यांच्या मागे दडतो. ती वायर लावली नाही तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, सगळं जिवंत दिसतं. प्रोसेसरला मात्र वीजच मिळत नसते. टॉर्च मारून बघा.

तिथे आणखी एक घोळ होतो. ग्राफिक कार्डाची ८ पिनची वायर आणि प्रोसेसरची ८ पिनची वायर दिसायला बहिणी-बहिणी. प्रोसेसरची चार आणि चार अशी फुटते, कार्डाची सहा आणि दोन अशी. कनेक्टरवर बहुतेक सीपीयू (प्रोसेसरची) किंवा पीसीआय-ई (कार्डाची) असं कोरलेलं असतं. घुसत नसेल तर जोर करू नका, वायर चुकीची आहे. आणि मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा, एसएमपीएस असेल तर त्याच्याच बॉक्समधल्या केबली वापरा. मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची केबल एसएमपीएसच्या टोकाला छान बसते, पण आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि मग जे जळतं ते वॉरंटीत बसत नाही.

कार्डाला स्वतःचं पॉवर कनेक्शन असेल तर तेही पूर्ण आत गेलंय ना बघा. कनेक्टरची खिट्टी दाताच्या पलीकडे अडकली पाहिजे.

पंखेसुद्धा फिरत नसतील तर प्रकरण वेगळं. एसएमपीएसच्या मागचं बटण, भिंतीवरचं बटण, आणि कॅबिनेटच्या पॉवर बटणाची बारीक वायर योग्य पिनांवर आहे का, हे बघा. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. स्वस्तातल्या काही एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० असा लाल सरकता खटका असतो. आपल्याकडे तो २३०वरच हवा, तोही प्लग लावण्याआधी. आणि पंखे फिरतात पण पुढे काहीच होत नाही अशा वेळी रीसेट बटणाची वायर काढून बघा. ते बटण आत अडकून राहिलं तर मशीन सतत रीसेटमध्येच राहतं. हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

रॅम: इथे वेळ घालवा

पोस्ट न होणाऱ्या नव्या मशीनमध्ये माझा पहिला हात रॅमवर जातो, आणि बऱ्याचदा तिथेच काम संपतं.

प्लग काढा. पॉवर बटण एकदा दाबून ठेवा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. आता रॅम काढा आणि स्लॉटकडे नीट बघा. काही बोर्डांना दोन्ही टोकांना कान असतात, काहींना एकाच टोकाला. दुसरं टोक पक्कं. एका कानाच्या बोर्डवरच घोटाळा जास्त होतो. कानाकडचं टोक ‘टक’ करून बसतं, माणूस खूश होतो, आणि पक्क्या टोकाकडे पट्टी एक मिलिमीटर वर राहिलेली असते. बाजूने टॉर्च मारला की सोनेरी पिनांची बारीक रेघ दिसते. ती दिसली नाही पाहिजे. दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा. जोर लागतो, बोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटतो, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच घाबरून हात काढतो. दाबण्याआधी पट्टीच्या खालची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आलीय ना, तेवढं बघा. डीडीआर४ आणि डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते, एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये जाणारच नाही.

चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन, तर प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा. बोर्डवर त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात. एकच पट्टी घेऊन तपासायचं असेल तर ती ए२मध्ये लावा. चालू झालं तर ती काढून दुसरी तिथेच लावा. दोन्ही एकएकट्या चालतात आणि एकत्र चालत नाहीत, तर दुसऱ्या स्लॉटकडे किंवा प्रोसेसरच्या पिनांकडे संशय वळवायचा. इंटेलच्या आणि एएमडीच्या नव्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले तरी रॅमचा एक चॅनेल गायब होतो. स्क्रू सैल करून, तिरके-तिरके, थोडे-थोडे सगळ्या कोपऱ्यांत सारखे आवळले की तो परत येतो.

मग नुसते बसून राहा

२०२२मध्ये एएमडीचं एएम५ सॉकेट आलं, डीडीआर५ रॅम घरोघरी पोचली, आणि माझ्याकडे एक नवीनच प्रकारचं गिऱ्हाईक यायला लागलं, ज्याचं मशीन मुळात बिघडलेलंच नसतं. डीडीआर५च्या बोर्डवर पहिल्यांदा चालू करताना मशीन रॅमची चाचपणी करत बसतं. कोणत्या वेगाने, कोणत्या वेळेत बोलायचं ते ठरवतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्या वेळात स्क्रीन पूर्ण काळी असते. काही मिनिटं तर जातातच, आणि रॅम मोठी असेल किंवा चारही स्लॉट भरलेले असतील तर दहा-पंधरा मिनिटंही जाऊ शकतात. मध्येच मशीन स्वतःहून बंद होऊन परत चालू होतं, तेही चालतं.

आता लोक काय करतात? दोन मिनिटं बघतात, बटण दाबून बंद करतात, इंटरनेटवर वाचून सीमॉस क्लिअर करतात, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग पुसतात, आणि परत लावतात. सीमॉस क्लिअर केलं की ट्रेनिंग पहिल्यापासून. असं रात्रभर चालतं. तेव्हा डीडीआर५ असेल तर चालू करून चहा टाका, पण वीस मिनिटं बटणाला हात लावू नका.

बोर्ड स्वतः सांगतो, वाचा

हल्लीच्या बऱ्याच बोर्डांच्या उजव्या कडेला चार बारीक दिवे असतात, शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं. एमएसआय त्याला ईझी डीबग एलईडी म्हणते, असूस क्यू-एलईडी. चालू करताना ते एकामागून एक लागतात, आणि जो लागून राहतो तिथे गाडी अडली. डीरॅमवर अडली तर वरचं सगळं, आणि डीडीआर५ असेल तर आधी थांबणं. व्हीजीएवर अडली तर कार्ड काढून परत बसवा. वरचाच लांब स्लॉट वापरा, आणि कार्ड उभं बसवायला रायझर केबल लावली असेल तर ती काढून कार्ड थेट बोर्डवर लावून बघा. बूटवर अडली तर अभिनंदन, मशीन ठीक आहे, फक्त विंडोज सापडत नाहीये. मग चित्र नसण्याचं कारण मॉनिटरकडेच.

सीपीयूवर अडली तर घाई करू नका. प्रोसेसर मेला असेलच असं नाही, बहुतेक वेळा बोर्डला तो ओळखताच येत नसतो.

दिवे नसलेल्या स्वस्त बोर्डला छोटा बीपर मिळतो, म्हापशाच्या किंवा मडगावच्या कोणत्याही पार्टवाल्याकडे मागा. स्पीकरच्या पिनांवर लावला की बोर्ड बीप देऊन बोलतो. काहीच बीप नाही, तर प्रोसेसर किंवा पॉवर. लांब लांब बीप परत परत, तर बहुधा रॅम. नेमका अर्थ बोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा.

बायोस जुनं, प्रोसेसर नवा

बी४५० बोर्डवर रायझन ५००० मालिका, बी६६०वर इंटेलची १३वी-१४वी पिढी, बी६५०वर रायझन ९०००. सॉकेटमध्ये तिन्ही जोड्या बसतात, पण बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर त्यातलं बायोस त्या प्रोसेसरच्या आधीचं असतं आणि डिस्प्ले येत नाही. गोदामात किती दिवस पडून होता ते आपल्याला कसं कळणार? बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते, त्यात आपल्या प्रोसेसरसमोर कोणतं बायोस लागतं ते दिलेलं असतं.

बोर्डच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर काम सोपं. पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, साइटवरची फाइल उतरवा, मॅन्युअल सांगेल ते नाव द्या, खूण केलेल्या यूएसबीत लावा आणि बटण दाबा. अशा वेळी प्रोसेसर-रॅमची गरजच नसते, दोन्ही पॉवर कनेक्शनं पुरतात. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. जून ते सप्टेंबरमध्ये सत्तरीत किंवा पेडण्यात राहणाऱ्यांना हे जास्त सांगायला नको: यूपीएसवर लावूनच करा, आणि आभाळ गडगडत असेल तर उद्या करा. बटण नसेल तर जुना चालणारा प्रोसेसर कोणाकडून तरी तासाभरासाठी आणावा लागतो.

सीमॉस क्लिअर करायचं ते इथे, आणि एकदाच. प्लग काढून बोर्डवरच्या क्लिअरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा, नाहीतर सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटांनी परत घाला. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवायच्या बायोसमधल्या तयार सेटिंग) चालू केल्यावर डिस्प्ले गेला असेल तर हाच उपाय.

तरीही नाही? मग सगळं बाहेर

मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढा आणि त्याच्याच खोक्यावर ठेवा. बोर्ड ज्यात येतो त्या चंदेरी पिशवीवर ठेवून चालवू नका, ती बाहेरून वीज वाहू शकते. त्यावर प्रोसेसर, कूलर, एक रॅम, दोन पॉवर कनेक्शनं, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड, एवढंच. एसएसडी, आरजीबी म्हणजे रंगीत दिवे, पंखे, पुढचे यूएसबी, सगळं बाजूला. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावा. इथे डिस्प्ले आला तर दोष कॅबिनेटमध्ये. बहुतेक वेळा बोर्डखालचा पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्डला पत्र्यापासून उचलून धरणारा खुंट: बोर्डला जिथे भोक नाही तिथे एक राहून गेलेला असतो आणि तो मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करतो.

इथेही नाही आला तर प्रोसेसर काढून बघायची वेळ. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, इंटेल आणि एएम५मध्ये सॉकेटमध्ये. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून, तिरक्या उजेडात बघा. सगळ्या ओळी सारख्या चमकल्या पाहिजेत. एखादीच पिन वेगळी चमकत असेल तर ती वाकलीय. एएम४ची वाकलेली पिन क्रेडिट कार्डाच्या कडेने सरळ करता येते. सॉकेटमधली मात्र स्वतः करायला जाऊ नका.

एसएमपीएस तपासायला २४ पिनच्या हिरव्या जागेत वायर अडकवून पंखा फिरवायची युक्ती सगळीकडे सांगतात. मी नव्या माणसाला ती सांगत नाही. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस लोड घेतो असं सिद्ध होत नाही, आणि कमी लोडवर पंखा बंद ठेवणारे चांगले एसएमपीएस फिरत नाहीत म्हणून खराब ठरत नाहीत. चालणारा दुसरा एसएमपीएस लावून बघणं हाच खरा निकाल.

आपल्याकडच्या हवेबद्दल दोन गोष्टी. एसीच्या खोलीतून थंडगार पार्ट पावसाळी दमट खोलीत आणून लगेच उघडू नका, त्यावर बारीक ओल धरते. खोकं तासभर तसंच ठेवा. वर्षभर पडून असलेली जुनी रॅम नव्या बोर्डला लावत असाल तर तिच्या सोनेरी पिना पांढऱ्या खोडरबराने हलक्या पुसा, भुगा झटका, मग लावा. आणि जुन्या घरात अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. ते एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून येतं, पार्ट बिघडलाय म्हणून नव्हे. डिस्प्ले न येण्याशी त्याचा बहुधा संबंध नसतो, पण इलेक्ट्रिशियनला मात्र बोलवा. थ्री-पिन टॉपची जाड पिन काढून टाकून काम भागवणाऱ्यांना मी मशीन परत देताना दोन शब्द सुनावतेच.

दुकानात आणायची वेळ आलीच तर ग्राफिक कार्ड काढून वेगळ्या खोक्यात आणा. कॅबिनेट स्कूटरच्या पायांशी ठेवून घाटरस्त्याने आणलं की जड कार्ड हिसक्यांनी स्लॉटमधून सुटतं, कधी स्लॉटच तुटतो. बोर्ड कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवायचा असेल तर सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण परत लावूनच पाठवा. जोडणी करताना ते निघून पडतं आणि लोक कचऱ्यात टाकतात. झाकण नसेल तर बोर्ड स्वीकारायला नकार मिळू शकतो, किंवा प्रवासात पिना वाकल्या की दोष तुमच्या माथी येतो. बिल, खोकं आणि ते झाकण, तिन्ही वॉरंटी संपेपर्यंत कपाटात ठेवा.